गोळीचे वेढे

माझ्या मुलीला जन्मानंतर दुसऱ्या दिवशी आकडी आली आणि चौथ्या दिवशी ती थांबली. एवढंच झालं होतं. त्यानंतरचे आठ महिने आम्ही जे काही केलं, ते सगळं थांबलेल्या आकडीसाठी केलं. आजही फार थकले की मला ते आठ महिने आठवतात. ते तीन दिवस फारसे आठवत नाहीत.

बाळंतपण वसमतलाच झालं. गणपती बसले होते आणि गल्लीतला भोंगा दवाखान्याच्या खाटेपर्यंत ऐकू येत होता. पोरगी बाहेर आली ती लगेच रडली नाही. किती वेळ रडली नाही, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. सासूबाई म्हणतात, चहाला उकळी यायला लागते तेवढा वेळ. नवरा म्हणतो, छे, त्याच्या निम्मा. मी तिथंच होते, पण मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ती ओठांची चुळबुळ करायला लागली, चोखल्यासारखी. पाय सायकल मारल्यासारखे हलत होते. मला वाटलं, भूक लागली. मी तिला अंगावर घेतलं, तर तोंड लावेना आणि डोळे एकाच बाजूला लागलेले. नर्स सहज आत आली होती, तिनं एकदा बघितलं आणि लेकरू माझ्या हातातून काढूनच घेतलं. मोठ्या माणसाची आकडी मी माहेरच्या गल्लीत पाहिली होती, हातपाय झाडणं, दात खिळणं, तोंडाला फेस. नवजात लेकराची आकडी इतकी गुपचूप येते हे मला ठाऊक नव्हतं. ती भुकेसारखी दिसते. हे एकदा कळलं की पुढं लेकराची भूकसुद्धा भूक म्हणून बघता येत नाही.

नांदेडच्या लहान मुलांच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथले डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्याचे हे झटके, असं त्यांनी सांगितलं. दोन दिवसांनी झटके थांबले, चौदाव्या दिवशी घरी सोडलं. सोडताना त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे मला, नवऱ्याला आणि सासूबाईंना, समोर बसवून शाळेत शिकवतात तसं शिकवलं. आकडी आली तर लेकराला कुशीवर वळवायचं. तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालायचं नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर निघायचं. आणि औषध सकाळी आठ, रात्री आठ. "मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही," ते म्हणाले. "एकदम तर अजिबातच नाही. एकदम बंद केलं आणि आकडी उलटली, तर ती आवरायला अवघड जाते."

ते वाक्य मी देवाच्या शब्दासारखं घरी आणलं.

औषध म्हणजे गोड, घट्ट पाणी होतं, बाटलीतलं. सुईशिवायच्या सिरिंजमध्ये ते अडीचच्या रेघेपर्यंत ओढायचं आणि गालाच्या आतल्या बाजूला थेंबथेंब सोडायचं. रेघेच्या वर जाता कामा नये, खाली राहता कामा नये, बुडबुडा आला तर परत. मी कळमनुरीला पंचायत समितीत कारकुनी करते. दिवसभर आवक-जावक लिहिणारी बाई. रेघेवर काम करणं मला जमतं. माझी एक मात्रा कधी चुकली नाही. पोरीनं ओकली तर किती ओकली, किती पोटात राहिली, याचाही मी अंदाज बांधायचे आणि नवऱ्याला दवाखान्यात फोन करायला लावायचे. तो एस.टी.त वाहक आहे. चालत्या गाडीत, तिकिटं फाडता फाडता, त्यानं लेकराच्या ओकारीचं वर्णन किती वेळा केलं असेल, देव जाणे.

पोरगी झोपायची. झोपायची म्हणजे काय, तर तिला दूध पाजायला उठवावं लागायचं. तळव्यांना टिचक्या मारायच्या, कानाची पाळी चोळायची, ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं. चार घोट घेऊन पुन्हा मान टाकायची. आणि गंमत अशी की येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "किती शांत लेकरू हाय बाई तुझं! आमचं तर डोकं फिरवायचं." मी हसायचे. मनात म्हणायचे, घेऊन जा तुमच्याकडं आणि एक दिवस पाजून दाखवा. पण कुणी सारखं शांत शांत म्हणायला लागलं की आपणही तसंच म्हणायला लागतो. माझी मुलगी शांत आहे, असं मीसुद्धा ऑफिसातल्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं.

महिन्याच्या तपासणीला गेलो. वजन, डोकं, डोळे, सगळं बघितलं आणि कागदावर लिहिलं: चालू ठेवा. तिसऱ्या महिन्याला डॉक्टर बाहेर गेले होते, त्यांच्या मदतनीस डॉक्टरनं मागचा कागद बघितला आणि लिहिलं: चालू ठेवा. वजन वाढलं म्हणून मात्रा वाढवली. पाचव्या महिन्यात डॉक्टर भेटले तेव्हा मी धीर करून विचारलं.

"आकडी तर चौथ्या दिवशीच थांबली सर. मग अजून कशाला?"

"थांबली हे खरं," ते म्हणाले. "पण औषधानं थांबली की आपली आपण थांबली, हे सांगता येत नाही ना. म्हणून चालू ठेवू."

परतीच्या गाडीत ते वाक्य मी नांदेडपासून वसमतपर्यंत चघळत बसले. बंद केल्याशिवाय कळणार नाही, आणि कळल्याशिवाय बंद करायचं नाही. यातून बाहेर पडायला जागा कुठं आहे ते मला काही दिसेना. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "डॉक्टरला आपल्यापेक्षा जास्त कळतं." ते बराबरच होतं, म्हणून मी आणखी चिडले.

सहावा महिना संपला आणि एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. माझी बाळंतपणाची रजा संपली, आणि बाटलीतलं औषध मिळेनासं झालं. वसमतला ते कधी मिळतच नव्हतं, पण आता नांदेडच्या दुकानांतही नाही म्हणायला लागले. डॉक्टरांनी फोनवर गोळी सांगितली. बारीक पांढरी गोळी, तिची अर्धी सकाळी, अर्धी रात्री, कुटून दुधात विरघळवून. नवऱ्यानं नांदेडच्या फेरीतून दोन महिन्यांची पाकिटं एकदमच आणली, सहा.

ती गोळी कधी अर्धी तोडून बघा. सुरीनं कापली की एक तुकडा ताटलीत राहतो आणि दुसरा चुलीखाली जातो. राहिलेला अर्धा आहे की पाऊण, यावर आमची बैठकच बसली. पहिल्या सकाळी तीन गोळ्या वाया गेल्या आणि माझी साडेसातची गाडी चुकली. मी स्वयंपाकघरात सुरी आपटली. खरंच आपटली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आण हिकडं. तू जाय कामावर. मी देते बराबर."

माझ्या सासूबाईंबद्दल इथं सांगायला पाहिजे. मी त्यांना आत्या म्हणते. त्या शिरड शहापूरकडच्या, अक्षरओळख असलेल्या पण कागदाच्या नादी न लागणाऱ्या. आमच्या गल्लीत कुणाकडं बाळंतीण आली की गुटी उगाळायला आत्यांना बोलावणं यायचं. गुटी कशी द्यायची हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दगडी सहाणेवर दुधाचे चार थेंब घ्यायचे आणि एकेक जिन्नस धरून गोल फिरवायचा. हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा अर्धा, बदामाचे दोन, खारकेचे दोन, जायफळाचा नुसता हात लावल्यासारखा. वेढा हेच माप. महिना बदलला की वेढा वाढवायचा. आणि ज्या हातानं सुरू केलं, त्याच हातानं द्यायचं. हात बदलला की लेकराला मानवत नाही, असं त्या ठाम सांगायच्या. म्हणून त्या म्हणाल्या, औषध माझ्याकडं असंल तर दोन्ही वेळचं माझ्याकडंच. तू मध्येच हात घालायचा न्हाई.

मी हो म्हणाले. आता खरं लिहायचं तर, मी हो म्हणाले ते त्यांच्यावर विश्वास होता म्हणून नाही. मी कंटाळले होते. सहा महिने मी त्या रेघेकडं बघत होते, आणि कुणीतरी ती माझ्या डोळ्यांपुढून उचलली होती. त्या गोळी कशी देतात हे मी पुढच्या दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाही. रात्री घरी आले की, "दिलं का?" एवढं विचारायचे. त्या म्हणायच्या, "दिलं की." मग मी पोळ्या लाटायला बसायचे.

त्या दोन महिन्यांत पोरगी बदलली. आधी तर ती दुपारची झोपेनाच. मग पालथी पडली, दोनदा तोंडावर आपटली, आणि तरी पडायचं थांबेना. एका रविवारी नवरा कडक गणवेश घालून उगाच तिच्यासमोर शिटी वाजवत होता, तर ती मोठ्यानं हसली. नुसता ओठ हलला नव्हता, पोटातून हसली. नवऱ्यानं पुन्हा शिटी वाजवली, ती पुन्हा हसली. मग भूक. मग राग. हातातली वाटी काढून घेतली की अशी किंकाळी फोडायची की शेजारची बाई भिंतीपलीकडून विचारायची, काय झालं म्हणून. मी ऑफिसात सांगितलं, मुलगी आता मोठी झाली. आत्या म्हणाल्या, माझी गुटी लागू पडली. नवरा म्हणाला, बापावर गेली. श्रेय घ्यायला आमच्यात कुणीच मागं नव्हतं.

वैशाख लागला होता. हळदीच्या बाजाराचे दिवस, स्टँडवर पोती आणि माणसं यांत फरक कळत नव्हता, आणि गाडीत बसलं की अंगाला पिवळी धूळ चिकटायची. त्या रविवारी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, उद्या नांदेडची ड्युटी आहे ना, गोळ्या घेऊन या, दोन महिने झाले, संपल्या असतील.

आत्या दारात गहू निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "कशाला? पाच पाकिटं तशीच हैत की."

मी म्हटलं, "पाच कशी असतील आत्या? सहाच आणली होती."

"मग? एक फोडलंय. त्यातलीबी एक गोळी हाय अजून."

मी उठले आणि कपाटातला डबा काढला. पाच पाकिटं होती, न उघडलेली. सहावं रिकामं होत आलेलं. आणि शेजारी हळदी-कुंकवाची असते तसली एक छोटी स्टीलची डबी, तिच्यात एक गोळी, एका बाजूनं घासून तिरकी झालेली. मी तिथंच फरशीवर बसले.

"तुम्ही हिचं काय करता आत्या?"

"उगाळते," त्या म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "तुझ्यासारखं कापाया गेलं की वाया जाऊन राहिलं हुतं. म्हणून सहाणीवर घेते. आधी दोन वेढे देऊन राहिले हुते, आठवा लागला तसे तीन केले."

दिवसाला एक अख्खी गोळी पोटात जायला हवी होती, ती पुरत होती दहा-अकरा दिवस. म्हणजे दोन महिने माझी मुलगी जवळजवळ बिनऔषधाची होती. आणि बंद केलं होतं तेही एकदम, एका सकाळी, सुरी आपटल्याच्या दिवसापासून. जे कधीच करायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, नेमकं तेच आम्ही केलं होतं, तेही माझ्याच घरात, रोज दोनदा, अगदी मनापासून.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही, पण गल्लीत ऐकू गेलं. औषध काय जायफळ आहे का, असं मी विचारलं. लेकरू मारायला निघाला होतात का, असंही म्हटलं. नवरा मध्ये पडला, तर त्यालाही ऐकवलं. आत्या सुपातल्या गव्हात हात तसाच ठेवून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला काय म्हाईत माय. औषध जहाल असतंय, लेकरू एवढंसं. म्हणून बेतानं दिलं. तू रोज इचारायची, दिलं का, मी म्हणायची दिलं. किती दिलं, कसं दिलं, ते काहून इचारलं न्हाई तू?"

मी आणखी ओरडले.

पोरगी या सगळ्यात दाराच्या उंबऱ्याला धरून बसली होती आणि गव्हाचे दाणे तोंडात घालत होती. तिच्या ओठांची चुळबुळ दिसली आणि मी झडप घालून तिला उचललं. तोंडात बोट घालून दाणे काढले. तिला राग आला, तिनं माझ्या गालाचा चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि नांदेडला गेलो, मी, नवरा आणि पोरगी. आत्या आल्या नाहीत. डॉक्टरांपुढं मी सगळं सांगितलं, सहाणेसकट. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी मी सोबत नेलेली डबी हातात घेतली, गोळी बोटावर ठेवून बघितली आणि विचारलं, "आकडी आली का एकदा तरी?"

"नाही."

"काही वेगळं दिसलं? डोळे एका बाजूला लागणं, दचकणं?"

"नाही. उलट ती... जागी झाली सर." हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं.

त्यांनी रक्त घेतलं, डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला, आणि तीन दिवसांनी या म्हणाले. तोवर गोळी? तर म्हणाले, आता नवीन काही सुरू करू नका, नुसतं लक्ष ठेवा. ते तीन दिवस मी ऑफिसला गेले नाही. पोरीच्या बाजूला बसून तिच्याकडं बघत राहिले, आणि ती माझ्याकडं बघून बघून कंटाळली. आत्या स्वयंपाक करायच्या, ताट सरकवायच्या आणि मागच्या खोलीत जाऊन बसायच्या.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "रक्तात औषध जवळजवळ नाहीच. आलेख चांगला आहे. आता सुरू करायचं कारण नाही. बंद."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी म्हटलं, "कागदावर लिहून द्या."

त्यांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. "खरं सांगू का ताई," ते म्हणाले, "जन्माच्या वेळच्या त्रासानं आलेले झटके बहुतेक वेळा त्या चार-सहा दिवसांपुरतेच असतात. मोठ्या ठिकाणी आता अशा लेकरांचं औषध तपासून घरी सोडायच्या आधीच बंद करायला लागलेत. मलाही माहीत होतं. पण फार पूर्वी मी एकाचं बंद केलं होतं आणि त्याची आकडी परत आली. तेव्हापासून 'बंद' लिहायला माझा हात उचलत नाही. चालू ठेवा लिहिलं की मला झोप लागते."

त्यांच्यावर चिडावं इतकीही ताकद माझ्यात उरली नव्हती. मी फक्त विचारलं, "मग ते पहिले सहा महिने ती झोपायची, ते कशानं?"

"औषधाची गुंगी असते," ते म्हणाले. "त्यानं कायमचं काही बिघडलंय असं मी म्हणणार नाही, आणि काहीच झालं नाही असं छातीठोक सांगणारही नाही. आता तिच्याकडं बघा, ती चांगली आहे." मग नवऱ्याकडं वळून जरा कडक आवाजात म्हणाले, "पण आजीबाईंना सांगा. हे लेकरू औषधावाचून राहणारं निघालं म्हणून निभावलं. औषधाची गरज असलेलं असतं, तर आज तुम्ही इथं असे बसला नसता. गुटीसारखं औषध पुन्हा कुणाला उगाळून द्यायचं नाही. गल्लीतल्याही कुणाला नाही."

घरी जाताना मी गाडीत रडले. नवऱ्याला वाटलं, सुटले म्हणून रडते. मी त्या सहा महिन्यांसाठी रडत होते. जिला मी शांत लेकरू म्हणत होते ती माझी मुलगी नव्हतीच. ती औषधाखाली कुठंतरी होती, आणि मी रोज दोनदा, रेघेवर डोळा ठेवून, एक थेंब इकडंतिकडं न करता, तिला तिथंच ठेवत होते. तिचं पहिलं अर्धं वर्ष मी इतक्या काटेकोरपणे घालवलं की त्यात तिला यायला जागा राहिली नाही.

आत्यांना सांगायचं काम नवऱ्यानं माझ्यावर टाकलं. मी गोड करून सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले ते सगळं सांगितलं, गल्लीतल्या लेकरांचंही. त्यांनी विचारलं, "म्हंजी माझ्या हातानं लेकरू गेलं असतं?"

"गेलं असतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. सहाण धुऊन, पुसून, कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. त्या संध्याकाळी पलीकडची बाई नातू घेऊन गुटीसाठी आली, तर आत्या म्हणाल्या, "आता माझा हात बराबर न्हाई," आणि आत निघून गेल्या.

सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. सकाळी डबा भरला, पोरीला आंघोळ घातली आणि रोजच्यासारखी आत्यांकडं द्यायला गेले. त्यांनी हात पुढं केलेच नाहीत. भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात पदराखाली.

"मला भेव वाटून राहिलंय," त्या म्हणाल्या. "तू रजा टाक."

"किती दिवस टाकू आत्या?"

"मला न्हाई जमायचं. म्या आता लेकराला हात लावायची न्हाई."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. गाडीची वेळ होत आली होती, पाठ दुखत होती, आणि मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही. मला एवढंच दिसत होतं की सहा महिने मी जशी बसत होते, तशाच त्या आता बसल्या आहेत. तीच भीती. औषध त्यांच्याकडं दिलं तेव्हा मी ती भीती खाली ठेवली, पण ती त्यांना दिसली नव्हती, आणि आता मीच ती उचलून त्यांच्या पदरात घातली होती.

"आत्या," मी म्हणाले, "तुम्ही चुकीचं दिलं आणि ती उठून बसली. मी बराबर दिलं आणि ती सहा महिने निजून राहिली. आता भ्यायचं असंल तर दोघींनी भ्यायला पाहिजे. तुम्ही एकट्यानं काहून?"

मी पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि हात सोडला. तिनं लगेच त्यांच्या गळ्यातली पोत धरून ओढली. त्यांनी हात बाहेर काढले, पण तिला धरलं नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी नुसते अधांतरी ठेवले.

"आन् आकडी आली तर?"

"कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. घड्याळ बघायचं. मला फोन करायचा, आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर शेजारच्यांना घेऊन निघायचं. सगळं येतं तुम्हाला."

"त्ये येतंय," त्या म्हणाल्या. पोत सोडवायला त्यांनी आता पोरीचं मनगट धरलं होतं. "आन् न्हाई आली तर?"

मी उठून पर्स खांद्याला लावली. आकडी आली तर काय करायचं हे आम्हाला तिघांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नाही आली तर काय, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि आठ महिन्यांत आमच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं.

"न्हाई आली तर मी सात वाजता येतेच की आत्या," मी म्हणाले. "खिचडी टाकून ठेवा. तिच्यासाठी थोडी जास्त."